पॅकिंगचं काम

मला झालेल्या आजाराचं नाव माझ्या माहेरी अजून कुणाला धड घेता येत नाही. आई "ते ब्रूस का काय ते" म्हणते आणि धाकटी बहीण "शालनचा शेळीताप" म्हणून मोकळी होते. डॉक्टर त्याला ब्रुसेलोसिस म्हणतात. जनावरापासून माणसाला लागतो, एवढंच मला त्यातलं कळतं. याहून जास्त हवं असेल तर डॉक्टरांना विचारा. मी लिहितेय ते दुसऱ्याच कारणासाठी. हा आजार ओळखायला एका साध्या प्रश्नाचं खरं उत्तर लागत होतं आणि ते उत्तर कित्येक महिने माझ्या घशात अडकून बसलं होतं. तुमच्यापैकी कुणी अशाच एखाद्या उत्तरावर बसून असेल, तर त्याने हे वाचावं.

सुरी

आम्ही हिंदू खाटीक. कराडला वडिलांचं मटणाचं दुकान होतं. आम्ही तिघी बहिणीच, म्हणून वडिलांनी थोरलीला, म्हणजे मला, हाताशी घेतलं. फरा, म्हणजे पुढचा पाय, सुटा कसा करायचा, रान, म्हणजे मागची मांडी, कुठून उतरवायचं हे मी परकर-पोलक्यात असतानाच शिकले. लग्न झालं आणि सुरी सुटली. आमचे हे गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत फिटर. पुष्कळ वर्षं चाकणला काढली, मग कंपनीने त्यांना चेन्नईच्या कारखान्यात पाठवलं. मुलगी लग्न होऊन इस्लामपूरला गेलेली. मग मीही बाडबिस्तरा बांधून इथे आले आणि घरात बसून बसून मला वेड लागायची पाळी आली.

पेरुंगुडीच्या पलीकडे मटण कापून, पिशव्या भरून हॉटेलांना आणि ऑफिसांच्या कॅन्टीनला पाठवणारा कारखाना आहे, तिथे बायकाही घेतात असं कळलं. मी गेले. सुपरवायझरने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, एक सुरी दिली आणि समोर बोकडाचं रान टाकलं. मी ते हाडावरून सोडवून त्याच्यापुढे ठेवलं. तो "उद्यापासून ये" म्हणाला. लग्नानंतर इतक्या वर्षांनी कुणीतरी माझं काम बघून मला बोलावलं होतं. मी बसमध्ये एकटीच हसत घरी आले.

काम थंडगार हॉलमध्ये. पांढरा कोट, टोपी, गमबूट. आकड्यांना लटकवलेली अख्खी धडं पुढे सरकत येत, आम्ही ती टेबलावर घेऊन सुटी करत असू. आता एक गोष्ट सांगते, ती पुढे लागेल. सांधा डोळ्यांना दिसत नाही. डाव्या हाताचा अंगठा दाबत न्यायचा आणि जिथे तो आत जाईल तिथे सुरीचं टोक घालायचं. कंपनी जाड रबरी मोजे देई आणि त्यातून अंगठ्याला काही म्हणता काही कळत नसे. म्हणून टेबलावरची प्रत्येक बाई नवा मोजा हातात पडला की आधी त्याचा अंगठा कापून टाकी. मीही टाकला. सुपरवायझर बघून न बघितल्यासारखं करी. उघड्या अंगठ्याला बारीकसारीक चिरा पडत. मी घरी येऊन हळद लावी आणि विसरून जाई.

मामी

आम्ही वेस्ट मांबलममध्ये राहतो, स्टेशनपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. मागच्या अंगाच्या दोन खोल्या आमच्या आणि पुढचं घर मालकीणबाईंचं. त्यांना सगळी गल्ली मामी म्हणते, म्हणून आम्हीही मामीच म्हणतो. मामी तंजावरच्या मराठी ब्राह्मण. त्यांच्या घराण्याला महाराष्ट्र सोडून किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही माहीत नाही, पण घरात मराठी बोलतात. ते मराठी ऐकायला मला पहिले काही दिवस कान टवकारून बसावं लागे. निम्मं आमच्या पणजीचं आणि निम्मं तमिळ, वर तमिळचाच हेल. मामींना माझं मराठी हसू येण्याजोगं वाटे. "तू फार जलद बोलतेस गो, ट्रेन चुकणार असल्यागत," असं त्या म्हणत.

खोल्या देताना त्यांनी एकच अट घातली होती. "माझ्या घरांत मांस-मासळी नको. अंडें देखील नको. बाहेर काय खाल तें तुमचें." आम्ही कबूल केलं आणि पाळलंही. नोकरी लागली तेव्हा त्यांनी अगदी सहज विचारलं, "कसलें काम गो?"

मी म्हणाले, "पॅकिंगचं. खाण्याच्या वस्तूंचं."

तसं ते अगदीच खोटं नव्हतं. पिशव्या आम्हीच भरत होतो. रात्री यांना सांगितलं तर हे म्हणाले, "बरं सांगितलंस. एवढ्या सोयीची जागा परत मिळणार नाही." मी कारखान्यातच आंघोळ करून, कपडे तिथेच धुऊन घरी येत असे. तीन वर्षं हे बिनबोभाट चाललं.

ताप

मग संध्याकाळी ताप यायला लागला. रात्री एवढा घाम येई की चादर पिळून वाळत घालावी लागे. सकाळी उठावं तर अंग मोकळं, जणू काही झालंच नाही. सकाळी बरं वाटतं म्हणून कामावर जायचं आणि संध्याकाळी कुडकुडत परत यायचं. गुडघे, खांदे ठणकायला लागले. ब्लाउज सैल झाले. मैत्रिणी म्हणाल्या, वयाचं असेल. चाळिशीनंतर बाईला काहीही झालं की ते वयाचंच असतं.

मामींनीच मला दवाखान्यात नेलं. माझं तमिळ कामावरचं. बोकडाच्या अंगाचा एकेक भाग मला तमिळमध्ये सांगता येतो, पण माझ्या स्वतःच्या अंगात कुठे काय होतंय ते सांगता येत नाही. म्हणून मामी दुभाष्या. डॉक्टरांनी ताप विचारला, भूक विचारली आणि मग विचारलं, काय काम करते? मी तोंड उघडायच्या आत मामींनी उत्तर दिलं, "फूड पॅकिंग." मी मान हलवली.

टायफॉइडची औषधं दिली. ताप जरा मागे हटला आणि पुन्हा आला. दुसरे डॉक्टर झाले. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा मामींचं तेच उत्तर. रोज संध्याकाळी त्या माझ्यासाठी मऊ भात आणि रसम घेऊन येत आणि मी सगळं संपवेपर्यंत समोर बसून राहत. "खा गो. हाडें दिसताहेत तुझीं." माझ्या आईने केलं नसतं इतकं त्यांनी केलं. आणि तेच तर अवघड झालं. सुरुवातीला सांगून टाकलं असतं तर फार तर खोल्या गेल्या असत्या. आता मामीही जाणार होत्या.

मग एक दिवस टेबलाशी धड ओढून घेताना कंबरेत असं काही भरलं की मी खालीच बसले. मैत्रिणींनी दोन्हीकडून धरून मला प्लॅस्टिकच्या क्रेटवर बसवलं. माझी सुरी टेबलावरच राहिली होती आणि ती कुणीतरी धुऊन ठेवावी एवढंच मी सारखं म्हणत होते, असं त्या नंतर हसून सांगायच्या.

वॉर्ड

सरकारी इस्पितळाच्या बायकांच्या वॉर्डात मला खाट मिळाली. तिथली सकाळ उजाडायच्या आधीच सुरू होते. आधी झाडूवाली येते आणि चप्पल वर उचला म्हणून ओरडते. मग थर्मामीटर, मग रक्त, मग दूध. त्यानंतर मोठे डॉक्टर येईपर्यंत सगळ्या बायका केस विंचरून परीक्षेला बसल्यासारख्या बसून राहतात. मला बसताही येत नव्हतं. कूस बदलायची तर आधी मनाची तयारी करावी लागे.

फोटो काढले, मोठ्या यंत्रात घातलं. मणक्यात काहीतरी धरलंय म्हणाले. बहुतेक टीबी. सुईने मणक्याचा तुकडा काढून तपासायचा आणि मग वर्षभर औषधं. हे ऐकून यांचा चेहरा उतरला. ते बाहेर व्हरांड्यात गेले आणि आत येऊन माझ्यावरच खेकसले, "कशाला हवी होती ती नोकरी?" मी रडले. तेही रडले असावेत, कारण पुन्हा बाहेर जाऊन आले ते तोंड धुऊनच. त्यांच्या मनात काय होतं ते मला कळत होतं. बायको अंथरुणाला खिळली तर या परक्या गावात ते एकटे काय करणार होते? मला भीती वाटत होती ती मात्र एकाच गोष्टीची. आपण पुन्हा आपल्या पायांवर उभं राहू की नाही?

शेजारच्या खाटेवर सेल्वी होती. कोवलमची मासळीवाली, माझ्याच वयाची, पित्ताच्या खड्यांसाठी आलेली. पोटात एवढं दुखत असूनही वॉर्डातल्या प्रत्येकीची चौकशी तिच्याकडे असे. एका दुपारी मी हात पांघरुणाबाहेर टाकून पडले होते. तिने माझा उजवा हात उचलला, तर्जनीच्या बुडाशी असलेला घट्टा चाचपला आणि स्वतःचा हात त्याच्या शेजारी धरला. तिच्याही तिथेच घट्टा होता.

"कत्ति कै," ती म्हणाली. सुरीचा हात. "मासे?"

मी दाराकडे पाहिलं. मामी अजून आल्या नव्हत्या. मी हळूच म्हणाले, "आडु." म्हणजे बोकड.

सेल्वी एवढ्या मोठ्याने हसली की तिला पोट धरावं लागलं. "मग ती मामी तर सगळ्यांना पॅकिंग, पॅकिंग सांगत असते!"

मग मी तिला माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये सगळं सांगितलं. ती हसायची थांबली. "डॉक्टरला माहीत आहे?" मी नाही म्हटलं. तेव्हा ती चक्क चिडली. तिच्या दिराला मासे साफ करताना हाताला काटा लागला होता आणि हात केवढा सुजला होता, डॉक्टरने पहिला प्रश्न कामाचाच कसा विचारला होता, हे तिने मला हातवारे करून ऐकवलं. "घर जाईल म्हणतेस? दुसरं मिळेल. ही पाठ कुठे भाड्याने मिळते का सांग," असं म्हणून तिने माझ्याकडे पाठ फिरवली आणि जेवण येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

सांगणं

दुसऱ्या दिवशी तुकडा काढायचा होता. त्याआधी एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. मामी डबा घेऊन नुकत्याच येऊन बसल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी माझे कागद पहिल्यापासून वाचले आणि पुन्हा सगळं विचारायला घेतलं. ताप कधी येतो, घाम येतो का, आणि मग, काय काम करते?

मामींनी तोंड उघडलं. मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

मला ते तमिळमध्ये सांगता आलं असतं. तेवढे शब्द तर मला येतातच. पण मामींना डावलून ते डॉक्टरांना सांगणं मला बरं वाटेना. त्यांना ते माझ्या तोंडून, आमच्या भाषेत आधी कळायला हवं होतं.

"मामी, डॉक्टरांना सांगा, मी पॅकिंगचं काम करत नाही. मी मटण कापते. बोकडं, मेंढ्या. तीन वर्षं झाली. आम्ही जातीचे खाटीक आहोत. लग्नाआधीही हेच करत होते."

मामी माझ्याकडे बघत राहिल्या. डॉक्टरीणबाई एकदा माझ्याकडे, एकदा मामींकडे बघत होत्या. मला वाटलं, आता या डबा उचलून निघून जाणार.

मामींनी पदर खांद्यावर ओढून घेतला आणि डॉक्टरीणबाईंकडे वळून तमिळमध्ये सांगायला सुरुवात केली. एकही शब्द गाळला नाही. खाटीक शब्दावर त्यांचा आवाज जरा अडखळला, पण तोही सांगितला. मग डॉक्टरीणबाई एकदम खुर्ची ओढून बसल्या आणि प्रश्नांवर प्रश्न. कच्च्या मांसाला हात लागतो का? हाताला जखमा होतात का? मोजे घालता का? प्रत्येक प्रश्न मामी मराठीत आणत आणि माझं प्रत्येक उत्तर तमिळमध्ये नेत. ज्या बाईने जन्मात अंड्याला हात लावला नव्हता, ती कापलेल्या मोज्याची आणि रक्ताने भिजलेल्या अंगठ्याची हकीकत समजावून सांगत होती. डॉक्टरीणबाईंनी माझा अंगठा उजेडात धरून पाहिला.

त्या म्हणाल्या, मणक्याला सुई लावायची घाई नको, आधी एक वेगळी रक्ताची तपासणी करू.

त्या गेल्यावर मामी उठल्या. डबा माझ्या उशाशी ठेवला. "गरम आहे, खा," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. त्यानंतर त्या आल्या नाहीत.

वाट

रक्ताने सांगितलं की टीबी नाही, ब्रुसेलोसिस आहे. डॉक्टरीणबाईंनी ते मला इतक्या आनंदाने सांगितलं की मला वाटलं पेढेच वाटतात की काय. औषधं लांबलचक होती. इंजेक्शनांनी कंबरेखाली जागा उरली नाही आणि गोळ्यांनी तोंडाची चव गेली. पण काही दिवसांतच एका संध्याकाळी ताप आला नाही. मी वाट बघत पडले होते आणि तो आलाच नाही. मग भिंतीला धरून उभी राहिले. मग खाटेपासून नळापर्यंत गेले. सेल्वी ऑपरेशन होऊन घरी निघाली तेव्हा मी तिला दारापर्यंत सोडायला गेले. ती माझ्या कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "बघ, मिळाली की नाही पाठ?"

मामी मात्र येत नव्हत्या. जेवणाच्या वेळी माझं लक्ष दाराकडे जाई. यांना विचारलं, "मामी काही बोलल्या का?" हे म्हणाले, "दार लावून असतात. मी दिसलो की आत जातात." त्यांनी मडिपाक्कमला एक जागाही बघून ठेवली होती. मी बरी होत होते आणि मला भयंकर वाईट वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी होतं हे मला तेव्हा कळलं.

घरी

घरी आले ती सामान बांधायच्या तयारीने. रिक्षातून उतरून मागच्या दाराशी आले तर मागच्या अंगणात विहिरीशेजारी नवा नळ, खाली नवी बादली आणि भिंतीत एक खुंटी. मामी तिथेच उभ्या होत्या.

मी म्हणाले, "मामी, आम्ही या महिन्यात जागा सोडतो. तुम्हाला त्रास झाला."

"त्रास झाला," त्या म्हणाल्या. "त्या दिवशीं घरीं येऊन मी डोईवरून न्हायले. खोटें कां सांगूं? पण मज राग आला तो मांसाचा नव्हे गो. तो डॉक्टर विचारी आणि मी पॅकिंग, पॅकिंग म्हणें. किती वेळां म्हटलें! माझ्या तोंडाच्या खोट्यानें तुझी पाठ गेली असती. देवापुढें बसलें कीं तेंच आठवे. तुज तोंड कसें दाखवूं?"

इतके दिवस मी समजत होते की मी खाटीक म्हणून त्या मला टाळताहेत. मी त्यांचे हात धरले आणि आम्ही दोघी तिथेच रडलो. माझे हात त्यांनी सोडवून घेतले नाहीत.

मग डोळे पुसून त्यांनी नळाकडे बोट दाखवलं. "कामावरून आलीस कीं इथें हातपाय धू. कपडे त्या खुंटीला. आंत आणूं नको. आणि मोज्याचा अंगठा कापलास तर मी स्वतः कंपनींत येईन." हे मागे उभे होते, त्यांनी हळूच रिक्षातलं सामान आत न्यायला सुरुवात केली.

परवा

आता मी पुन्हा टेबलाशी उभी राहते. मोजा अख्खा घालते. सांधा सापडायला वेळ लागतो आणि सुपरवायझर कुरकुरतो, तर कुरकुरू दे. टेबलावरच्या आणखी दोघींना संध्याकाळी कणकण येत होती. त्यांना मी हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं आणि दारातच सांगितलं, आधी काम सांगा, मग दुखणं.

परवा साध्या खोकल्यासाठी मी गल्लीतल्या त्याच पहिल्या दवाखान्यात गेले. मामी सोबत होत्याच. आता मला तमिळ बरं येतं, पण त्या ऐकत नाहीत. बाकांवर गल्लीतली ओळखीची माणसं बसली होती, मामींच्या भजनातल्या दोघी होत्या. नाव लिहून घेणाऱ्या मुलीने मान वर न करता विचारलं, काय काम करते?

भजनातल्या दोघींना ऐकू जाईल अशा आवाजात मामी म्हणाल्या, "मटण कापते. बोकडाचं. कारखान्यात. नीट लिही."

ती मुलगी थबकली. भजनातल्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मामींनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बाकावरची आपली पिशवी उचलून मला जागा करून दिली आणि म्हणाल्या, "बस गो. पाठ टेकून बस."